पदवी स्तरावर परकीय भाषेची निवड : एक विवेचन

प्रस्तावना

महाविद्यालयात नव्याने प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याला परकीय भाषा शिकावीशी वाटली की त्याचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : 'कोणत्या भाषेला स्कोप आहे?' हा प्रश्न तो वर्गशिक्षकाला विचारतो, कधी भाषा विभागातील प्राध्यापकांना, तर कधी शेजारी राहणाऱ्या अभियंत्याला. उत्तर बहुतेक वेळा एकाच शब्दाचे मिळते. कोणी जर्मन म्हणतो, कोणी जपानी, कोणी फ्रेंच. विद्यार्थी त्या भाषेच्या पहिल्या पातळीला नाव नोंदवतो, वर्षभरात प्रमाणपत्र मिळवतो आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या भाषेकडे वळतो किंवा तो नाद सोडून देतो. पदवी हाती येते तेव्हा त्याच्या अर्जात दोन-तीन भाषांची नावे असतात. मात्र त्यांपैकी एकीतही त्याला साधे पत्र लिहिता येत नाही.

जागतिकीकरणाच्या प्रक्रियेने परकीय भाषांचे महत्त्व वाढविले, ही गोष्ट आता नव्याने सांगण्याची राहिलेली नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही माध्यमिक स्तरावर कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज व रशियन या भाषांचा नामनिर्देश आहे. महत्त्व पटले, यादीही मिळाली. पण यादीतून निवड कशी करावी, याचे मार्गदर्शन विद्यार्थ्याला अभावानेच मिळते. भाषेच्या नावाआधी, त्या भाषेत कोणते काम करावयाचे, त्या कामाला किती पातळी लागते आणि ती गाठण्यास किती तास लागतात, हे निश्चित झाले पाहिजे. या क्रमाने विचार केला तर भाषेचे नाव पुष्कळदा आपोआप पुढे येते. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील मराठी भाषक विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून या क्रमाचे विवेचन केले आहे.

पातळी आणि तासिकांचा हिशेब

युरोपीय परिषदेने २००१ साली भाषिक क्षमतेची समान चौकट प्रसिद्ध केली. ए-१ पासून सी-२ पर्यंतच्या तिच्या सहा पातळ्या आता जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश अशा बहुतेक युरोपीय भाषांच्या परीक्षांना लागू आहेत. ए-१ म्हणजे स्वतःची ओळख करून देणे, भाव विचारणे, वेळ सांगणे. बी-१ म्हणजे परिचित विषयावर अडखळत का होईना, पण स्वतंत्रपणे बोलणे-लिहिणे. बी-२ ला पोचलेला माणूस आपल्या व्यवसायातील चर्चा समजून घेऊन तीत भाग घेऊ शकतो. व्यवहारात उपयोगी पडणारी सीमारेषा बी-१ आणि बी-२ यांच्या आसपास आहे, हे येथे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

गटे इन्स्टिट्यूटच्या अंदाजानुसार जर्मनच्या ए-१ पातळीसाठी ४५ मिनिटांच्या ८० ते २००, ए-२ साठी एकूण २०० ते ३५०, बी-१ साठी ३५० ते ६५० आणि बी-२ साठी ६०० ते ८०० तासिका लागतात. आता महाविद्यालयीन वेळापत्रकाकडे पाहावे. एका श्रेयांकाला साधारणपणे १५ तास धरले जातात. म्हणजे दोन श्रेयांकांच्या अभ्यासक्रमाला एका सत्रात ३० तास मिळतात. तीन वर्षांच्या सहाही सत्रांत विद्यार्थ्याने तीच भाषा घेतली तरी एकूण तास होतात १८०. प्रत्येक तास पुरा साठ मिनिटांचा झाला आणि एकही तास गॅदरिंग, क्रीडास्पर्धा वा निवडणुकीच्या कामात गेला नाही, असे मानले तरी ४५ मिनिटांच्या हिशेबाने २४० तासिका भरतात. जर्मनपुरते बोलायचे तर हा विद्यार्थी ए-२ च्या दारात उभा राहतो. तेवढ्याच वेळात त्याने दोन भाषा घेतल्या तर दोन्हींत तो ए-१ च्या पुढे जात नाही. 'एक ना धड भाराभर चिंध्या' ही म्हण या ठिकाणी अक्षरशः लागू पडते.

जपानीची स्थिती याहून वेगळी नाही. जपानी भाषा प्रावीण्य परीक्षेत २००९ पर्यंत चार श्रेणी होत्या. त्या काळच्या मार्गदर्शक निकषांप्रमाणे चौथ्या श्रेणीला १५०, तिसरीला ३००, दुसरीला ६०० आणि पहिलीला ९०० तासांचा अभ्यास अपेक्षित होता. २०१० पासून एन-५ ते एन-१ अशा पाच श्रेणी आल्या. जुन्या तिसऱ्या व दुसऱ्या श्रेणींमधील दरी मोठी असल्याने त्यांच्यामध्ये एन-३ ही नवी पायरी घालण्यात आली. महाविद्यालयाच्या १८० तासांत विद्यार्थी फार तर एन-५ ओलांडतो, हे यावरून लक्षात येईल.

हा हिशेब निराश करण्यासाठी मांडलेला नाही. वर्गाबाहेर रोज एक तास, वर्षाचे ३०० दिवस, असा स्वाध्याय तीन वर्षे केला तर ९०० तास होतात, आणि ते बी-२ पातळीला पुरेसे ठरू शकतात. मात्र हे ९०० तास एका भाषेचे असतील तरच. यंत्रानुवादाची साधने आता प्रत्येकाच्या भ्रमणध्वनीवर आहेत. ए-१ वा ए-२ पातळीवर माणूस जे करू शकतो त्यातील बरेचसे काम ती साधने फुकटात करतात. त्यामुळे अर्धवट भाषाज्ञानाला पूर्वी जी थोडीफार किंमत होती तीही उरलेली नाही.

मराठी भाषकाची जमेची बाजू

भाषेच्या काठिण्याविषयी आपल्याकडे जे समज आहेत ते बहुतांशी इंग्रजी भाषकांकडून आलेले आहेत. अमेरिकेच्या परराष्ट्र सेवा संस्थेचे वर्गीकरण या संदर्भात वारंवार पुढे केले जाते. त्यानुसार फ्रेंच वा स्पॅनिशला सुमारे ६०० ते ७५० तास लागतात, तर जपानी, चिनी, कोरियन व अरबी या भाषांना सुमारे २२०० तास. हे आकडे चुकीचे नाहीत, पण ते ज्याची मातृभाषा इंग्रजी आहे अशा विद्यार्थ्याचे आहेत. मराठीच्या अंगणातून पाहिले की अंतरे बदलतात.

जपानीचेच उदाहरण घ्यावे. 'वाताशि वा तोशोकान दे होन ओ योमिमास्' या वाक्याचे मराठी रूप 'मी ग्रंथालयात पुस्तक वाचतो' असे होते. कर्ता, स्थळ, कर्म, क्रियापद हा क्रम जसाच्या तसा राहतो आणि 'दे' हा प्रत्यय आपल्या 'त' प्रमाणे नामाच्या मागे लागतो. 'किनो योन्दा होन' म्हणजे 'काल वाचलेले पुस्तक'. येथे तर शब्दास शब्द लावता येतो. घरातून निघताना जपानी माणूस 'इत्ते किमास्' म्हणतो. त्याचा शब्दशः अर्थ 'जाऊन येतो'. इंग्रजीतून शिकणाऱ्याला या प्रयोगाचे स्पष्टीकरण द्यावे लागते. 'जातो म्हणू नये, येतो म्हणावे' हे लहानपणापासून ऐकलेल्या मराठी मुलाला ते लागत नाही. 'ताबेते मिरु' म्हणजे 'खाऊन पाहणे', 'काइते ओकु' म्हणजे 'लिहून ठेवणे', 'ताबेते शिमाउ' म्हणजे 'खाऊन टाकणे'. मराठीतील संयुक्त क्रियापदांत 'पाहणे', 'ठेवणे', 'टाकणे' ही क्रियापदे आपला मूळ अर्थ सोडून ज्या छटा आणतात, त्याच छटा जपानीतील समांतर क्रियापदे आणतात. छातीत धडधडते त्याला जपानीत 'दोकिदोकि' म्हणतात. अशा अनुकरणवाचक, द्विरुक्त शब्दांचे भांडारही दोन्ही भाषांत मोठे आहे.

जपानी अक्षरमालेची मांडणीही अनोळखी नाही. अ, इ, उ, ए, ओ हे स्वर आणि क, स, त, न, ह, म, य, र, व हा ओळींचा क्रम बौद्ध धर्माबरोबर जपानमध्ये गेलेल्या सिद्धम् लिपीच्या अभ्यासातून, म्हणजे पर्यायाने संस्कृत वर्णमालेतून आलेला आहे.

अडचण आहे ती चित्राक्षरांची. जपानी शासनाच्या २०१० सालच्या सुधारित यादीत नित्य वापराची २१३६ कांजी आहेत आणि बऱ्याच कांजींचे एकाहून अधिक उच्चार होतात. पाण्याचे अक्षर एकटे असताना 'मिझु' असे वाचले जाते, तर 'सुइदो' म्हणजे पाणीपुरवठा या जोडशब्दात त्याचा 'सुइ' होतो. विद्यार्थी येथे गोंधळतो. वास्तविक आपणही 'पाणी' पितो पण 'जलविद्युत' निर्माण करतो; 'हात' जोडतो पण 'हस्ताक्षर' करतो. एकटा शब्द देशी आणि सामासिक शब्द संस्कृतातून, ही मराठीची रीत दाखवून दिली तर कांजीच्या दुहेरी उच्चारांचे तत्त्व दहा मिनिटांत कळते. पाठांतर मात्र कोणाला चुकत नाही, आणि एन-३ च्या पुढे वेळ खाते ते हेच पाठांतर. तात्पर्य, बोलण्यासाठी जपानी मराठी भाषकाला जवळची आहे, वाचण्यासाठी दूरची. कोरियनमध्ये वाक्यरचना अशीच आणि लिपी पंधराव्या शतकात मुद्दाम घडविलेली, थोड्या दिवसांत आत्मसात होणारी असल्याने हे दुसरे अंतरही कमी होते.

जर्मनच्या बाबतीत मराठीची मदत वेगळ्या ठिकाणी होते. तीन लिंगे, नामाबरोबर बदलणारी रूपे, लांबलचक समास आणि गौण वाक्यात अखेरीस जाणारे क्रियापद यांचा इंग्रजी भाषकाला जो धसका असतो तो मराठी भाषकाला असण्याचे कारण नाही. 'मेडशन' म्हणजे मुलगी हा शब्द जर्मनमध्ये नपुंसकलिंगी आहे, याचे जगभर हसे होते. पण कोकणीत 'चेडूं' नपुंसकलिंगीच आहे आणि मराठीत 'पोर' तिन्ही लिंगांत चालते. जर्मनमधील 'डाटिव्ह' शिकविताना इंग्रजीतून पानभर नियम सांगितले जातात. 'मला आवडते' आणि 'मी आवडतो' यांतील फरक ज्याला जन्मजात कळतो, त्याला चतुर्थीचा आधार देऊन हा विषय अधिक थोडक्यात सांगता येईल. फ्रेंचमध्ये अनुनासिक स्वर आणि 'तू-तुम्ही' हा भेद परिचयाचा. लेखन व उच्चार यांतील अंतर मात्र त्रासदायक.

मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी परकीय भाषेच्या वर्गात मागे पडतो, असा अनुभव सांगितला जातो. तो मागे पडत असेल तर त्याचे एक कारण उघड आहे. त्याला नवी भाषा त्याच्या भाषेतून न शिकविता, त्याला अर्धवट येणाऱ्या तिसऱ्या भाषेतून शिकविली जाते. त्याची जमेची बाजू वर्गाच्या दाराबाहेरच राहते.

कोणत्या कामाला किती भाषा

रोजगारासाठी भाषा निवडताना देशाच्या नावापेक्षा कामाच्या स्वरूपाकडे पाहावे लागते. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाविषयी करार केला. त्याच वर्षी जर्मनीने भारतीय कुशल कामगारांसाठीच्या वार्षिक व्हिसांची संख्या २० हजारांवरून ९० हजारांपर्यंत वाढविण्याचा निर्णय जाहीर केला. या बातम्यांनंतर जर्मनच्या वर्गांच्या जाहिराती जिल्ह्याच्या ठिकाणीही झळकू लागल्या. बातमी खरी आहे. तथापि परिचारिका म्हणून पूर्ण मान्यता मिळण्यास सर्वसाधारणपणे बी-२ आणि व्यवसायप्रशिक्षणासाठी बी-१ पातळी अपेक्षित असते. तेथील विद्यापीठात जर्मन माध्यमातून शिकायचे तर त्याहूनही वरची तयारी लागते. सहा महिन्यांत ए-१ आणि लगेच नोकरी, असे सांगणाऱ्यांवर विसंबून घराची जमीन गहाण टाकणाऱ्या पालकाला हा फरक कोणीतरी सांगणे अगत्याचे आहे, आणि ते काम प्राध्यापकांखेरीज गावात दुसरे कोणी करील असे दिसत नाही.

जपानने एप्रिल २०१९ मध्ये 'विशेष कुशल कामगार' ही श्रेणी सुरू केली आणि जानेवारी २०२१ मध्ये भारताशी त्याबाबत सहकार्याचा करार झाला. तेथे भाषेची किमान अट एन-४ किंवा तत्सम परीक्षा अशी आहे. म्हणजे पदवीच्या तीन वर्षांत गाठता येण्याजोगी. पुण्यातील संगणकक्षेत्रात जपानी ग्राहक आणि येथील तंत्रज्ञ यांच्यात दुवा म्हणून काम करणाऱ्या अभियंत्यांना मात्र एवढ्यावर भागत नाही; त्यांना एन-२ च्या आसपास जावे लागते. एकाच भाषेत एका कामाला दोन वर्षे आणि दुसऱ्याला पाच, असा हा प्रकार आहे.

काही वेळा भाषेची गरज माहितीपत्रकात दिसतच नाही. वैद्यकीय शिक्षणासाठी रशियात जाणाऱ्या विद्यार्थ्याला शिकवणी इंग्रजीतून असल्याचे सांगितले जाते, आणि राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार ती तशी असावीच लागते. पण रुग्णालयातील खाटेवरचा रुग्ण रशियनच बोलतो. ज्याला तेथे जायचे निश्चित आहे त्याने बारावीनंतरच्या रिकाम्या महिन्यांत जर्मनचा वर्ग लावण्यात काय हशील आहे?

संशोधनाची भाषा

'स्कोप'च्या चर्चेत मानव्यविद्या शाखेचा विद्यार्थी सर्वाधिक भरकटतो. वास्तविक त्याला आवश्यक असलेली भाषा त्याच्या विषयानेच ठरवून दिलेली असते. शिवाय संशोधनासाठी बहुधा वाचनक्षमता पुरते. संभाषण, श्रवण, पत्रलेखन यांवरचे तास वाचतात.

मराठ्यांच्या इतिहासाचा विद्यार्थी हे ठळक उदाहरण होय. सतराव्या शतकाची साधने फारसी, पोर्तुगीज, डच, फ्रेंच व इंग्रजी अशा अनेक भाषांत विखुरलेली आहेत. फारसी साधनांच्या संपादनाचे काम ग. ह. खरे व सेतुमाधवराव पगडी यांनी केले. पोर्तुगीज साधने पांडुरंग पिसुर्लेकरांनी उजेडात आणली. कॉस्मे द गार्दा याने १६९५ मध्ये लिहिलेले आणि १७३० मध्ये लिस्बन येथे छापलेले शिवचरित्र पोर्तुगीजमध्ये आहे. वेंगुर्ल्याला डचांची वखार होती आणि डच कंपनीचे कागद हेगच्या अभिलेखागारात आहेत. या भाषा वाचू शकणारे अभ्यासक पूर्वीही थोडे होते, आज आणखी थोडे आहेत. अशा स्थितीत इतिहासाच्या एखाद्या हुशार विद्यार्थिनीने केवळ मैत्रिणींबरोबर म्हणून जपानीची पहिली पातळी करावी आणि मोडी शिकूनही फारसीकडे पाठ फिरवावी, हे तिच्या विषयाचेही नुकसान आहे. अर्ज, तारीख, दप्तर, हुकूम, वकील हे शब्द रोज उच्चारणाऱ्या मराठी माणसाला फारसीचा शब्दसंग्रह निम्मा ओळखीचा वाटतो. तो इतका मुरला होता की त्याला पर्यायी शब्द देण्यासाठी शिवकाळात रघुनाथपंडितांना राज्यव्यवहारकोश रचावा लागला.

संस्कृतच्या अभ्यासकाला जर्मन का हवी, हे वेगळे सांगायला नको. ब्योटलिंक आणि रोट यांचा १८५५ ते १८७५ या काळात प्रसिद्ध झालेला सात खंडांचा कोश जर्मनमध्ये आहे आणि महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे प्रमुख संपादक वि. सी. सुकथनकर यांचे शिक्षण बर्लिनला झाले होते. पण जर्मनचा उपयोग केवळ संस्कृतापुरता नाही. धनगरांच्या दैवतांवरील गुंथर सोन्थायमर यांचा बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा यांच्याविषयीचा ग्रंथ १९७६ साली जर्मनमध्ये प्रसिद्ध झाला; त्याचे इंग्रजी भाषांतर आले १९८९ मध्ये. मधली तेरा वर्षे जेजुरीच्या शेजारच्या गावातील संशोधकालाही आपल्याच कुलदैवताविषयीचा तो ग्रंथ वाचण्यासाठी जर्मन येणे भाग होते. गोव्यातील विधिशाखेच्या विद्यार्थ्याची गोष्टही अशीच आहे. तेथील कौटुंबिक कायद्याचे मूळ १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेत असून १९६१ पूर्वीचे असंख्य दस्तऐवज पोर्तुगीजमध्ये आहेत. त्याने स्पॅनिश जगात किती देशांत बोलली जाते याची आकडेवारी पाहत बसण्याचे प्रयोजन नाही.

मागणीचे चढउतार

भाषेची मागणी स्थिर नसते, ही बाबही दुर्लक्षून चालणार नाही. एके काळी सोव्हिएत प्रकाशनांची मराठी पुस्तके अल्प किमतीत घरोघर पोचत होती आणि रशियन शिकणे भवितव्याच्या दृष्टीने शहाणपणाचे मानले जाई. १९९१ मध्ये सोव्हिएत संघाचे विघटन झाले आणि तो ओघ आटला. चिनीचे उदाहरण अधिक अलीकडचे आहे. शैक्षणिक धोरणाच्या २०१९ च्या मसुद्यात असलेले तिचे नाव २०२० च्या अंतिम धोरणात नव्हते. व्यापार मात्र थांबला नाही, आणि चिनी कागदपत्रे वाचणाऱ्यांची गरजही संपली नाही. आज जर्मनची जी चलती आहे ती आणखी दहा वर्षांनी तशीच असेल, अशी हमी कोणी देऊ शकत नाही. मागणी ओसरल्यावर प्राथमिक पातळीवाल्याच्या हाती काही राहत नाही. वरच्या पातळीला पोचलेल्याच्या हाती निदान एका साहित्याची व शास्त्राची दारे उघडी राहतात.

महाविद्यालयाच्या हाती काय आहे

बहुतेक महाविद्यालयांत परकीय भाषेचा अभ्यासक्रम एका सत्रापुरता असतो आणि तो पुढच्या सत्रात चालू राहील की नाही हे मानधनावरील शिक्षक मिळण्यावर अवलंबून असते. तीन भाषांचे एकेक सत्र ठेवल्याने अहवालात तीन नावे येतात, विद्यार्थ्याच्या पदरी काही पडत नाही. त्याऐवजी एकच भाषा सहा सत्रे सलग चालविणे तालुक्याच्या महाविद्यालयालाही अशक्य नाही. २०२० च्या टाळेबंदीनंतर दूरस्थ शिकवणी रुळली असल्याने शेजारच्या दोन-तीन महाविद्यालयांनी मिळून एक शिक्षक ठेवता येतो, आणि उन्हाळ्याच्या सुटीतील सहा आठवड्यांचा रोज दोन तासांचा वर्ग एका सत्राच्या दुप्पट तास भरून काढतो.

प्रवेशाच्या वेळी विद्यार्थ्याकडून एक साधा कागद भरून घेता येईल : या भाषेत कोणते काम करावयाचे आहे, त्यासाठी कोणती पातळी लागते, रोज किती वेळ देणे शक्य आहे, परीक्षेचे केंद्र कोठे आहे आणि तिचा खर्च कोण करणार. जपानी प्रावीण्य परीक्षा वर्षातून जास्तीत जास्त दोनदा, जुलै व डिसेंबर महिन्यांत होते. तिच्यासाठी मराठवाड्यातील वा खानदेशातील विद्यार्थ्याला पुण्या-मुंबईचा प्रवास आणि मुक्काम धरूनच बेत करावा लागतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ज्याला अद्याप सुचत नाही त्याने पहिल्या सत्रात कोणतीही भाषा न घेता आपल्या विषयाच्या शिक्षकांशी बोलावे, ग्रंथालयात आपल्या विषयाचे मूळ ग्रंथ कोणत्या भाषांत आहेत ते पाहावे आणि दुसऱ्या सत्रात नाव नोंदवावे. त्यात गेलेले ३० तास सुटीच्या वर्गात भरून निघतात.